मानोऱ्याचा लेथ आणि हमीदभाईंचा शब्द

बसा. मागे उभे असलेल्यांनीही पुढे येऊन बसा. वर्कशॉप आपलंच आहे.

हमीदभाईंच्या घरची माणसं समोर आहेत. त्यांच्याकडे पाहून बोलणं मला जमणार नाही, म्हणून मी दाराकडे पाहून बोलतो. माफ करा. माझं शिक्षण मराठी साहित्याचं. शब्द कमी पडतात असं आजवर वाटलं नव्हतं. आज पडत आहेत.

हमीदभाई आणि मी या वर्कशॉपचे भागीदार. पण वाशीम जिल्ह्यात त्यांची ओळख वेगळी होती. बाहेरदेशाचा लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, घ्यायचा असला की छोटा दुकानदार आधी त्यांना घेऊन जायचा. जुन्या लेथला नवा रंग मारलेला असतो. कोणता खरा, कोणता नुसता रंगवलेला, हे ते सांगायचे.

पाहण्याची त्यांची रीत तुम्हाला माहीत आहे. मशीन पाहिल्याशिवाय व्यापाऱ्याचा चहा घ्यायचा नाही. म्हणायचे, "चहा पेला की जीभ नरम होते." एका व्यापाऱ्याने भजी मागवली. हमीदभाई म्हणाले, "झाकून ठेवा. मशीन चांगली निघाली त गरम करू." भजी थंडच राहिली.

मग बेडवरून, म्हणजे लेथच्या लांब पाट्यावरून, नख फिरवायचे. चक, म्हणजे सळई पकडणारा भाग, हाताने फिरवून कान लावायचे. शेवटी एक सळई कातून दोन्ही टोकं मोजायचे. सारखी भरली तर लेथ खरा. मग एकच शब्द. घे. किंवा, नको.

त्या शब्दावर माणसं जगणं ठरवायची. मला आज त्यातल्या एका शब्दाबद्दल बोलायचं आहे.

मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचा प्रकाश राठोड इथे बसला आहे. त्याला विचारूनच बोलतो आहे. दरवर्षी ऊसतोडीला जायचं थांबावं, म्हाताऱ्या वडिलांजवळ राहावं, म्हणून त्याने मानोऱ्यात लहान दुकान टाकलं. तैवानचा जुना लेथ घेतला. हमीदभाईंनी पाहिला, घे म्हणाले, आणि उन्हाळ्यात स्वतः लेव्हल लावून सपाट बसवला.

पावसाळा सरला आणि काम बिघडू लागलं. सळई एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. हमीदभाई मानोऱ्याला गेले. कातून पाहिलं, मोजलं. म्हणाले, "माही नजर चुकली बेटा. बेड गेला हाये हिचा. परत कर." व्यापाऱ्याने लेथ परत नेला. प्रकाशने दुकानाला कुलूप लावलं आणि तो टोळीबरोबर उसाला गेला.

त्याच हंगामात त्याचे वडील गेले. तो पोचू शकला नाही.

त्यानंतर हिवाळ्यातच दुसऱ्या एका गिऱ्हाइकासाठी आम्ही त्याच व्यापाऱ्याकडे गेलो. तोच लेथ तिथे उभा होता, दगडी फरशीवर. हमीदभाईंनी सळई लावली. दोन्ही टोकं सारखी. पुन्हा लावली. सारखी. मग खाली वाकून त्यांनी फरशीवर हात ठेवला.

लेथ चांगला होता. मानोऱ्याच्या दुकानाखाली काळी माती होती. वर सिमेंटचा पातळ थर. पावसाने माती फुगली, एक कोपरा उचलला गेला, बेड पिळला. इथल्या भेगाळ जमिनीवर जन्म गेलेला माणूस. तो लेथ पाहत राहिला, जमीन पाहायची राहून गेली. लेव्हल पुन्हा लावून पाहिली असती तर कळलं असतं. ती उन्हाळ्यातच लावली होती, म्हणून पाहिली नाही.

व्यापाऱ्याला त्यांनी लेथ राखून ठेवायला सांगितलं. चहा आला तो तसाच राहिला. तिथूनच आम्ही उसाच्या फडावर गेलो. मी म्हटलं, फोन करा. ते म्हणाले, "फोनवर सांगाची गोष्ट हाये का हे?"

प्रकाश मोळी बांधत होता. हमीदभाई त्याच्यासमोर उभे राहिले. "बेटा, मशीन बरोबर होती. मी चुकलो."

प्रकाशने मोळी बांधून पूर्ण केली. मग विचारलं, "जेवले का चाचा?"

एवढंच.

हंगाम संपल्यावर हमीदभाईंनी मानोऱ्यात काळी माती खणून काढली, मुरूम भरून घेतला, लेथ परत आणून बसवला. तो आजही चालतो आहे. पण त्या गोष्टीवर प्रकाश कधी बोलला नाही. हमीदभाई तिकडे जायचे, तो चहा पाजायचा, कामाचं बोलायचा. परत आले की मला विचारायचे, "भाऊ, काई म्हणला का तो तुमाले?" मी म्हणायचो, नाही. आजारपणातही विचारलं. मी म्हटलं, नाही.

चांगला म्हणून सांगितलेल्या लेथांची गणती त्यांनी कधी केली नाही. हा एक त्यांच्या छातीवर होता.

काल कब्रस्तानातून परतताना प्रकाश माझ्याबरोबर चालत होता. मग म्हणाला, "मले दुसरा लेथ घ्याचा हाये. व्यापारी रोज फोन करून राह्यला. मी म्हणलं, थांब, चाचाले बरं वाटू दे. त्यायनं पाह्यल्याबिगर मी घेत नसतो."

मी विचारलं, "हे त्यांना काहून नाही सांगितलं?"

तो म्हणाला, "त्यायले मालूमच असन, असं वाटलं."

मालूम नव्हतं, प्रकाश. म्हणून आज तुझं बोलणं त्यांच्या घरच्यांसमोर सांगितलं. त्यांच्यापर्यंत ते पोचवायला दुसरी वाट आता माझ्याकडे नाही.

आपण उठू या. कोणी काही बोलू नका. ज्याच्या मनात त्यांना सांगायचं राहून गेलं असेल, त्याने ते आता मनातच सांगावं.