अकरा नंबरच्या खाटेवरचं बोट

दुपारचे अडीच. बऱ्हाणपूर. एका ट्रस्टच्या दवाखान्याचा दुसरा मजला, बायकांचा वॉर्ड, खाट नंबर अकरा.

...आणि मला एक सांगा, वॉर्डात आजारी माणूस कोणता हे ओळखायला किती शिकावं लागतं हो? खाटेवर पडलेला तो आजारी, स्टुलावर बसलेला तो नातेवाईक, संपलं! पण त्या वॉर्डात या तुम्ही माझ्याबरोबर. खाटांवरच्या बायका मोकळ्या, कोणी खोकतेय, कोणी कण्हतेय, एक तर भिंत धरत धरत खिडकीपर्यंत गेली, तिला विचारायला कोणी नाही... आणि स्टुलांवर त्यांचे धडधाकट नवरे, दीर, सुना, जावई, सगळे एकेक बोट वर धरून बसलेले, जसे काही चाळीस अंपायर एकाच वेळी कुणाला तरी आऊट देताहेत! प्रत्येकाच्या बोटाला निळा चिमटा! आजारी माणसं मोकळी, चांगली माणसं मशीनवर! आणि भिंतीवर ती टीव्हीसारखी मोठी पाटी, तिच्यावर चाळीस चौकोन... पडद्यावर सगळं हिरवं!

नाव नाही सांगत दवाखान्याचं. नोटीस येते. नोटिशीला मी भीत नाही, बत्तीस वर्षं बऱ्हाणपुरात बातमीदारी केली, पण आमचा पोस्टमन म्हातारा झालाय, त्याला जिना चढवत नाही.

आता तुम्ही म्हणाल, नंदकुमार, तू जुना माणूस, तुला नवं काही पचत नाही. तुम्हाला सांगतो, उलट! उद्घाटनाला मी होतो, मावा जिलबी खाल्ली, आणि बातमी चांगली दिली! योजना चांगलीच होती हो. चाळीस खाटांना दोन सिस्टर, त्या कुठे कुठे पुरणार? म्हणून प्रत्येक पेशंटच्या बोटाला चिमटा. चिमटा बिनतारी. अंगातला ऑक्सिजन किती, नाडी किती, सगळं क्षणाक्षणाला पडद्यावर, पडद्यावरून इंदूरच्या कंपनीत. तिथला संगणक हिशेब मांडणार, कोण घसरतंय, कोण सुधारतंय. घसरला की चौकोन लाल, भोंगा सुरू, सिस्टर धावली, जीव वाचला. वाईट काय यात? काहीच नाही! मशीन बिचारं प्रामाणिक होतं. पण मशीन पोचलं कुठे? आमच्याकडे!

खाट अकरावर माझी मावशी. मथुराबाई. शाहपूरकडची, जन्म गेला केळीच्या बागेत. छातीत न्यूमोनिया. आणि केळीचा चीक तुम्हाला ठाऊक आहे, अंगावर उडतो तेव्हा पाण्यासारखा, वाळला की काळा, मग साबण लावा, राख लावा, रॉकेल लावा, कातडं निघेल, डाग निघायचा नाही! आमच्या शाहपूरकडे नवरीची मेंदीसुद्धा काळ्यावरच काढतात. आता त्या चिमट्याची तऱ्हा अशी, की तो बोटातून उजेड आरपार सोडतो आणि त्यावरून आकडा काढतो. इंदूरवाल्यांनी तो तपासला असणार स्वतःच्याच बोटांवर! ज्या बोटांनी केळं फक्त सोललं, केळीचा घड कधी कापला नाही! मावशीच्या नखातून उजेड जाईना. चिमटा कधी म्हणे एकाहत्तर, कधी म्हणे चौसष्ट, आणि एकदा तर म्हणाला, इथे कोणी नाही!

मावशी म्हणाली, "असं कसं रे नंदू, मी तं हाये ना इथंच!"

अख्ख्या वॉर्डाची तीच गत. आजूबाजूच्या सगळ्या बायका केळीवाल्याच! भोंगे असे सुरू झाले, वाटावं बुधवारा पेठेत वरात आलीय. आणि दर भोंग्याला इंदूरहून फोन, "सिस्टर, इलेवन लाल क्यों है? सिस्टर, ट्वेंटी लाल क्यों है?" कारण चौकोन लाल झाला की दवाखान्याचे गुण कापतात! त्या ट्रस्टचे दवाखाने गावोगाव, ज्याची पाटी जास्त हिरवी त्याचा पहिला नंबर, त्याचा सत्कार. आमचा शेवटचा! मग डोकी चालली. बऱ्हाणपूरची डोकी! चिमटा बदलायला हवा, इंदूरला कळवायला हवं... कोणी कळवलं? छे! यांनी काय बदललं?

बोट बदललं!

मी कविता सिस्टरला विचारलं, "ताई, हे काय चाललंय? आजारी मावशी आहे आणि चिमटा सुनेला?"

"भाऊ, काकूंच्या बोटाला मशीन धरतच नाही ना. वहिनींचं बोट कसं एकदम क्लिअर येतं."

"पण आजार मावशीला आहे!"

"हो ना! म्हणून तर म्हटलं, काकूंना कशाला त्रास!"

आणि आधी गिरधरचं बोट लावून पाहिलं होतं. गिरधर म्हणजे मावशीचा मुलगा. तोही केळीवालाच! मशीनने त्याला दिले एकसष्ट. गडी सकाळी दहा भाकरी खाऊन आलेला, आकडा बघून पांढरा पडला, माझा हात धरून म्हणतो, "नंदूभाऊ, मी चाललो का काय रे?" त्याला पाणी पाजलं, दाखल करून घ्यायला बघत होते, मग लक्षात आलं तो पेशंटच नाही. शेवटी त्याची बायको रंजिता. राजपुऱ्यातल्या शाळेत शिकवते, बोटं खडूसारखी. तिला चिमटा लावला आणि काय सांगू... अठ्ठ्याण्णव! पडद्यावर सगळं हिरवं! कविता सिस्टरने समाधानाने मान डोलावली आणि मग तिची नजर माझ्या हाताकडे गेली. "भाऊ, तुमचं पण बोट छान आहे हो." बत्तीस वर्षं या बोटांनी नगरपालिकेचे वाभाडे काढले, कुणी चांगलं म्हटलं नाही, आणि कौतुक झालं ते असं! मी हात खिशात घातला.

बरं, मजल्याच्या बाहेर गेलं की चिमट्याचा सिग्नल तुटतो. म्हणून नातेवाइकांना खाली चहाला जायची बंदी! पेशंट खाली जाऊन चहा पिऊन आला तर चालेल! शेजारच्या खाटेपाशी बसलेला गृहस्थ, बायको पोटाच्या ऑपरेशनची, हा बोटाला चिमटा लावून मोबाइलवर मॅच बघतोय. शेवटची ओव्हर. याची धडधड वाढली, चौकोन पिवळा झाला, आणि डॉक्टरांनी धडधड कमी करायची गोळी दिली... बायकोला! ती बाई संध्याकाळपर्यंत गुंगीत. आणि मॅच जिंकलो, म्हणून याची नाडी उतरली, तर लिहिलं काय? गोळी लागू पडली! तुम्ही हसताय. हसा. मीही हसलो होतो तेव्हा.

मग त्या दिवशी अडीचला मी डबा घेऊन पोचलो आणि मावशीकडे बघितलं.

ओठ जांभळासारखे. छाती भात्यासारखी. मान मागे टाकलेली, गळ्याची शीर ताणलेली. "नंदू... दम लागे रे... मले बसव जरा..." एवढं बोलायला तिला तीनदा थांबावं लागलं.

रंजिता म्हणाली, "भाऊजी, सकाळपासून असंच चाललंय. मी दोनदा सिस्टरला सांगितलं. सिस्टर म्हणे रीडिंग तो बढिया है."

"रीडिंग कोणाचं, रंजिता?"

तिने स्वतःच्या बोटाकडे बघितलं आणि रडायलाच लागली. डोळ्यांतून पाणी गळतंय, नाक लाल, पण बोट? बोट वरच! खाली घेईना! इतकं घाबरवून ठेवलं होतं पोरीला की बोट हललं तर सासूची खाट जाईल!

मी धावलो काचेच्या खोलीकडे. तिथे स्वप्निल बसतो, कंपनीचा पोरगा, गळ्यात पट्टा, समोर पडदा. म्हटलं, "अरे उठ, अकरा नंबर मरतेय!"

"सर, पॅनिक मत करो ना. इलेवनचा ट्रेंड मस्त आहे. हे बघा, तीन दिवस फ्लॅट ग्रीन. सिस्टीमने तर डिस्चार्ज सजेस्ट केलाय."

"डिस्चार्ज कोणाला? रंजिताला? तिला तर दाखलच केलेली नाही!"

त्याने मोठ्या कौतुकाने पडदा माझ्याकडे वळवला, जसा काही मी पत्रिका बघायला आलोय. पडद्यावर सगळं हिरवं!

मग डॉक्टर. राउंडवर होते, हातात भिंतीवरचेच चौकोन दाखवणारी छोटी काचेची पाटी, पाटीवरच राउंड चाललेला. खाटेपाशी यायची गरज काय? म्हटलं, "डॉक्टर, मथुराबाईंना बघा."

"बघतोय ना. उत्तम आहेत." डोळे पाटीवर!

"मान वळवा हो, मावशी डाव्या हाताला आहे!"

"काका, या वयात थोडी धाप असतेच. पण ही नाडी बघा, तिशीतल्या बाईसारखी!"

"अहो, ती तिशीतल्या बाईचीच आहे!"

ऐकलं? नाही ऐकलं! पुढच्या खाटेच्या चौकोनावर बोट टेकवलंसुद्धा. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी परत गेलो, रंजिताचा हात धरला आणि तो चिमटा उपटून घेतला.

आणि मग काय झालं माहीत आहे? सगळं झालं! चौकोन लाल, आकड्याच्या जागी शून्य, भोंगा असा की खालचा मेडिकलवाला वर बघायला आला! स्वप्निल खुर्ची पाडून धावला, कविता सिस्टर इंजेक्शनची गाडी ढकलत आली, डॉक्टर, दोन शिकाऊ, वॉर्डबॉय, इंदूरचा फोन, "इलेवन एक्सपायर हो गई क्या?" मावशी तासन् तास गुदमरत होती तेव्हा एक माणूस फिरकला नाही, आणि रंजिताचं बोट मोकळं झालं तर अख्खा दवाखाना खाटेभोवती! डॉक्टरांनी तेव्हा पहिल्यांदा मावशीचं तोंड बघितलं. गळ्यात दागिन्यासारखी नळी होती ती कानाला लावली, छाती ऐकली, आणि माणसाचं तोंड पार उतरलं. "ऑक्सिजन लावा. जळगावला हलवा. आत्ता!"

त्या धांदलीत, स्ट्रेचर वळतंय, गिरधर आईचे पाय धरून रडतोय, आणि कविता सिस्टर हळूच रंजिताला म्हणते, "वहिनी, जाता जाता तेवढा चिमटा लावा ना परत. लाल सुरूच आहे."

तो चिमटा मी तिच्या हातात दिला. गिळा म्हटलं.

जळगावला बाईडॉक्टर होत्या. त्यांनी मावशीच्या नखांकडे एकदा बघितलं, दुसरा छोटा चिमटा घेतला आणि कानाच्या पाळीला लावला. कानाला! कानाला कुठे केळीचा चीक लागतो? झालं, एवढंच होतं! आकडा आला चौऱ्याहत्तर. खरा. त्या म्हणाल्या, "कालच का नाही आणलंत?" गिरधरने माझ्याकडे बघितलं, मी रंजिताकडे, रंजिताने हात पदराखाली घेतला. मावशीच्या तोंडात नळी घातली, मशीन श्वास द्यायला लागलं. बोलत नाही, डोळे उघडत नाही. जगेल का विचारलं, तर म्हणतात, बघू.

आम्ही सगळे त्या काचेबाहेर उभे. गिरधर, रंजिता, मी. आमच्यातलं बऱ्हाणपुरात कोणी नाही, घराला कुलूप. आणि गिरधरचा मोबाइल वाजला. बऱ्हाणपूरच्या दवाखान्याचा मेसेज. "नमस्ते मथुराबाई जी, आपके स्वास्थ्य में निरंतर सुधार है. ऑक्सीजन ९८, नाड़ी ७२."

म्हटलं, जुना असेल, अडकला असेल कुठे. स्वप्निलला फोन लावला. "नाही सर, लाइव्ह आहे. आत्ताचा आहे."

दुसऱ्या दिवशी बऱ्हाणपूरला आलो, सरळ दुसऱ्या मजल्यावर. खाट अकरा रिकामी. गादी गुंडाळलेली. चिमटा खाटेवर नाही, टेबलावर नाही, गाडीत नाही. आणि भिंतीवर चौकोन अकरा, मथुराबाई, नाडी बहात्तर... हिरवा! कुणाच्या तरी रक्ताची आहे ना ती नाडी? गादीला तर नाडी नसते? आणि सिग्नल मजल्याबाहेर जात नाही, म्हणजे तो माणूस इथेच, याच मजल्यावर! मी एकेकाचे हात बघत फिरलो. सिस्टर हातमोजे घालून. स्वप्निल टेबलाखाली हात घालून. ट्रस्टचे मोठे साहेब याच मजल्यावरच्या आपल्या खोलीतून बाहेर आले, फार गोड बोलले, दवाखाना यंदा पहिला आलाय म्हणाले, सत्काराला या म्हणाले. सगळा वेळ उजवा हात खिशात.

म्हटलं, "साहेब, तेवढा हात बाहेर काढता का?"

साहेब म्हणाले, "मुलाखत संपली."

बातमी दिली, छापली. इंदूरला विचारलं, ट्रस्टला विचारलं, साहेबांना रोज विचारतो. मावशी अजून जळगावलाच, नळी तशीच, कानाच्या पाळीवरचा आकडा आज चौऱ्याऐंशी आहे. आणि बऱ्हाणपुरात मथुराबाई अठ्ठ्याण्णव, नाडी बहात्तर, पडद्यावर सगळं हिरवं... आणि ते बोट कोणाचं, हे आजपर्यंत एकानेही सांगितलेलं नाही.