हौसाबाईचं पहिलं ताट

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. आज मी चिडलोय, आणि चिडलेल्या माणसाला साथ नको! एक सवाल टाकतो — ज्याच्या घरात कणगी भरलेली आहे, पण घरच्या बाईच्या अंगात रक्त नाही, त्याला पुण्यवान म्हणायचं का? बोला की! बरं, आधी ऐका.

बोरखेड्याची हौसाबाई. तिची लेक बाळंत झाली आणि रक्त काही थांबेना. तालुक्याच्या दवाखान्यात कुणाकुणाच्या रक्ताच्या पिशव्या चढवल्या, तेव्हा पोर वाचली! हौसाबाईनं तिथंच हात जोडले, "देवा, एक पिशवी मीबी दीन." नवस बोलली! नारळाचा नाही, कोंबड्याचा नाही — रक्ताचा!

हनुमान जयंतीला गावच्या शाळेत रक्तदानाचं शिबिर भरलं. हौसाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून सगळ्यांत पुढं! डॉक्टरीणबाईंनी बोटाला सुई टोचली, थेंब तपासला. "मावशी, तुमच्याच अंगात रक्त कमी आहे. तुमचं नाही घेता येणार."

मग काय केलं असेल तिनं? उपास धरला! रक्त वाढावं म्हणून — उपास! सोमवार होता, चतुर्थी होती, त्यात शनिवारची भर. हसता काय? अडलं की पोट मारायचं, हे तिला शिकवलं कुणी? तुम्ही! आणि आम्ही बुवांनी, इथंच उभं राहून!

पुढच्या वर्षी पुन्हा बोट पुढं केलं, तर रक्त आणखी कमी. बाई ढसाढसा रडली. "देव माझं घेईना हो!"

डॉक्टरीणबाई कडाडल्या, "देवाला मध्ये आणू नका! घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं?"

"मीच की."

"आणि काय जेवता?"

"उरंल त्ये."

उरंल त्ये! भाकरी गार, कालवण संपलेलं, ताकात पाणी — आणि म्हणे घरची लक्ष्मी! अरे, बैलालासुद्धा आधी वैरण टाकता ना रे तुम्ही?

हौसाबाईनं उपास सोडले. दवाखान्यातल्या गोळ्या सुरू केल्या. मेथी, चाकवत, गूळ-शेंगदाणे खाऊ लागली. आणि भाकऱ्या झाल्या की पहिलं ताट स्वतःचं! झालं, घरात भूकंप! सासूनं कपाळ बडवलं, "बया बया, सून आदी जेवती!" नवरा शिवराम उंबऱ्यातूनच ओरडला, "आमी येस्तवर दम निघंना व्हय?" हा शूरवीर दोन्ही शिबिरांना रानात पळालेला, सुईला भिऊन!

पण हौसाबाईनं घास खाली ठेवला नाही. म्हणाली, "धनी, ह्यो घास माझा एकलीचा न्हाई. कुणाच्या तरी लेकीचा हाय."

तिसरी हनुमान जयंती आली. सकाळी पोटभर न्याहारी करून, तांब्याभर पाणी पिऊन हौसाबाई निघाली. थेंब तपासला. डॉक्टरीणबाई हसल्या, "मावशी, झोपा खाटेवर!" पिशवी भरत होती आणि ही टक लावून बघत होती. पुटपुटली, "कुणाची का असंना, जग गं बाई!" अहो, काय आनंद त्या तोंडावर! लेकीच्या लग्नात नव्हता एवढा!

मग नर्सनं चहा-बिस्किटं आणली. हौसाबाई सवयीनं उठायला गेली, तर नर्स म्हणाली, "उठायचं नाही, बसून खायचं." बाईनं पदर डोळ्याला लावला. हात दुखला म्हणून? नाही हो! लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तिला कुणी बसवून वाढलं होतं!

आता इकडं बघा, फेटेवाले! मागं चुलाणावर आमटी उकळतेय, वास मलाही येतोय. पहिल्या पंगतीला बसायला कोण टपलंय, तेही दिसतंय. या मंडपातल्या किती बायकांची बोटं टोचली तर डॉक्टर "घरी जा" म्हणेल? कधी विचारलंत?

आज पहिली पंगत बायकांची! वाढायला आपण. आमटीची बादली मी उचलतो, भाताची पाटी सरपंच घेतील. आणि ज्याला ह्यात कमीपणा वाटतो ना — आजचा उपास त्यानं धरावा! चला, उठा. बायका पोटभर जेवून उठल्या, की मग देवाचं नाव घेऊ.