शुक्रवारची कौन्सिल

२००७ साली परदेशात, हॅमिल्टनच्या हॉस्पिटलात एक्स-रेसाठी बसलो होतो. मागच्या बाकावर अचानक मराठी ऐकू आलं.

"डेझीमावशी, काका तुमच्या गावच्या कौन्सिलवर निवडून आले म्हणे!"

"आले बाई! सोन्याच्या खाणींच्या काळात गावाचा पहिला मेयर आमच्यासारखाच ज्यू दुकानदार होता. कौन्सिलच्या हॉलमध्ये फोटो आहे त्याचा."

"तुमच्या नात्यातला?"

"छे गं! तो जर्मनीचा, आम्ही रेवदंड्याचे. पण मीटिंगा शनिवारी. आमचा शब्बाथ, दुकानसुद्धा बंद असतं. हे म्हणाले, राजीनामा देतो."

"अगंबाई! मग?"

"मेयरबाई म्हणाल्या, नो वरीज, शुक्रवारी संध्याकाळी घेऊ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"किती छान!"

"कसलं छान! शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळतानाच लागतो."

"अय्या! सांगितलं नाहीत तुम्ही?"

"एवढ्या टाळ्यांनंतर? यांनी सगळ्यांना शुक्रवारी घरी जेवायलाच बोलावलं. मी दिवे लावले, नारळाच्या रसातली मासळी वाढली, मग यांनी हळूच खरं सांगितलं."

"आणि मीटिंग?"

"ती गेली सोमवारवर. जेवण मात्र दर शुक्रवारी आमच्याकडेच, ठराव एकमताने पास. मत फक्त माझं घेतलं नाही."