चौथं शील आणि दिघीची फेरी

खोटं कशाला बोलू मी? नाही, तुम्हीच सांगा, हा वादळाचा बावटा वर चढवलेला तुम्हाला दिसतोय, मला दिसतोय, ही आख्खी खाडी उसळतेय, बोट धक्क्याला बांधून ठेवलीय, आपण पंधरा-वीस माणसं इथे शेडखाली अडकून बसलोय, आणि मी बायकोला फोन करून सांगतो, 'अगं चंदा, फेरी बंद आहे, आज दिघीलाच राहतो', तर ती म्हणते, 'हो का.' बस. एवढंच. 'हो का.' अडतीस वर्षं झाली लग्नाला, त्या 'हो का'मध्ये काय काय असतं ते मला कळतं. आणि चूक तिची नाही, हेच तर दुखणं आहे... बसा हो, उभं राहून बोट सुटत नसते. चहा घ्या. घ्या हो, माझ्याकडून, त्यात काय.

मी बाळाराम. पलीकडे मुरूडला राहतो. कचेरीत आवक-जावकला होतो, चौतीस वर्षं. आवक-जावक म्हणजे काय, तर आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि पुढे पाठवायचा. वाचायचा नाही. वाचत बसला तो संपला. रिटायर झालो, मुलाने, सनीने, मोबाइल हातात दिला, आणि तुम्हाला सांगतो, हात काही थांबेना. सकाळी सहाला कुठून तरी धम्माचं वचन आलं की पुढे. मागे कमळ, नाहीतर पिंपळाचं पान, खाली चार ओळी, आणि आमच्या विहाराचा ग्रुप एकशे त्रेचाळीस माणसांचा, ॲडमिन मी. 'लोभ सोडा', पुढे. 'राग सोडा', पुढे. खालून लोकांची धडाधड वाहवा, साधू, साधू, साधू. एकदा ते 'राग सोडा' टाकत असताना सनी माझा चार्जर घेऊन गेला, तेव्हा मी त्याला जे काय बोललो ते इथे बायामाणसांत सांगण्यासारखं नाही, पण पोस्ट वेळेवर गेली.

आता वर्षावास चालू आहे. पावसाचे तीन महिने आमच्याकडे दर शनिवारी संध्याकाळी विहारात ग्रंथाचं वाचन असतं. वाचन झालं आणि आमची सून उभी राहिली, मानसी, शाळेत शिकवते, आवाज गोड. म्हणाली, 'ज्यांना वचनं टाकायची आवड आहे त्यांनी ते वचन आधी सात दिवस स्वतः जगावं. आधी वागा, मग टाका.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिली टाळी माझी. म्हटलं घरचीच मुलगी, किती छान बोलते. ती कोणाबद्दल बोलतेय हे चंदाने कोपर मारल्यावर कळलं.

मग पाच शीलांच्या चिठ्ठ्या केल्या. आमचा दादू, त्याला आलं पाचवं, दारू पिऊ नये. दादू जन्मात प्यायलेला नाही, वर शुगर आहे, त्याने घरी पोचताच पोस्ट टाकून दिली. काही कष्ट? आणि मला आलं चौथं. खोटं बोलू नये. सोमवारपासून सात दिवस, एक जरी खोटं तोंडातून गेलं की पुन्हा पहिला दिवस. मानसीने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खुणा करायला लाल पेन आणलं, नवीन, माझ्यासाठी.

तुम्हाला वाटेल, खोटं न बोलणं म्हणजे काय, गप्प बसायचं. बसून बघा. सोमवारी चंदाने विचारलं, 'कालवण कसं झालंय?' मी म्हटलं, 'खारट.' मंगळवारी कालवणच नाही. बुधवारी कुणा बँकेतून फोन आला, मी सनीला म्हटलं सांग बाबा घरात नाहीत, सनी म्हणाला मी का माझं शील मोडू, मग मीच बोललो, वीस मिनिटं, मला नको असलेल्या कार्डाबद्दल सगळं खरं खरं. गुरुवारी काळूराम, विहाराचा सेक्रेटरी, विचारतो, 'परवाचं माझं भाषण कसं वाटलं?' मी म्हटलं, 'लांब.' चार दिवस बोलत नव्हता. नंतर नारळ घेऊन आला, म्हणाला, 'बाळारामभाऊ, तुमच्या पोस्टा थांबल्यापासून सकाळी मोबाइल हलका वाटतो लोकांना.' हेही खरंच असणार, काय करता. आधी वागा, मग टाका...

तर असे सहा दिवस मी काढतो. रडतखडत का होईना, काढतो. आणि सातव्या दिवशी, रविवारी, सकाळी दहाला मैनाताईचा फोन येतो.

मैनाताई माझी थोरली बहीण. इथेच राहते, दिघीला, ती बघा, ती वर चढण आहे ना, तिथे. नवरा नाही, पोर पुण्याला. दर रविवारी तिचा फोन, 'बाळ्या, येतोस का रं? बोट चालू हाय का?' आणि मी म्हणतो, 'नाही गं ताई, फेरी बंद आहे.' कधी बावटा लागलाय, कधी ओहोटी फार आहे, कधी इंजिनाचं काम. खाडीला वळसा घालून रस्त्याने यायचं तर अर्धा दिवस मोडतो, ते ती स्वतःच म्हणते, 'नको रं येऊ तसा, कंबर दुखंल तुझी.' पहिल्या रविवारी ठरवून बसलो होतो, आज खरं बोलायचं. फोन आला, तोंड उघडलं, आणि आपोआप शिक्का पडला, फेरी बंद आहे. आतून मानसी, गोड आवाजात, 'बाबा, पहिला दिवस.' दुसऱ्या रविवारी फोनच घेतला नाही, तर चंदाने आणून कानाला लावला, आणि पुन्हा तोच शिक्का. तिसऱ्या रविवारी म्हटलं जरा सावरून घेऊ, म्हणालो, 'ताई, बहुतेक बंद असावी.' मानसी म्हणाली, 'बहुतेक चालत नाही, बाबा.' लाल पेन. पहिला दिवस. आधी वागा, मग टाका.

आता तुम्ही विचाराल, सख्खी बहीण, वीस मिनिटांची बोट, जायला काय होतं? तुम्ही नाही विचारलंत, पण मी सांगतो, आज सगळं सांगायची सवयच लागलीय. आमची आई शेवटची दोन वर्षं ताईकडे होती, अंथरुणावर. ताईनेच केलं सगळं. मी महिन्यातून एकदा यायचो, खुर्चीवर बसायचो, पंख्याखाली, चहा प्यायचो, चारची बोट धरायचो. पाव्हणा. आणि चार वर्षांपूर्वी असाच एक रविवार, ताई म्हणाली, 'आई आठवण काढते रं, येऊन जा.' मॅच चालू होती हो टीव्हीवर. दुसरं काही नाही. मॅच. मी म्हटलं, फेरी बंद आहे. सोमवारी पहाटे आई गेली. तेव्हापासून मला ताईच्या समोर बसायची लाज वाटते. कार्याला आलो, पुण्यानुमोदनाला आलो, मान वर केली नाही. नंतर आलोच नाही. एवढी साधी गोष्ट आहे. लाज वाटते, म्हणून फेरी बंद.

आज चौथा रविवार. सहा दिवस स्वच्छ. दहाला फोन. 'बाळ्या, बोट चालू हाय का रं?' चंदा दारात, मानसी पेन घेऊन. मी म्हटलं, 'चालू आहे ताई. मीच येत नाही.' मला वाटलं, आता फोन आपटणार. मग ती म्हणाली, 'व्हय. मंग ये की.'

आलो. बारापर्यंत पोचलो. आत जाऊन सवयीने खुर्चीवर बसायला गेलो, तर ताई म्हणाली, 'आत नको, उकडतं. मागच्या पडवीत ये.' त्या घरात मी पन्नास वेळा आलो असेन, पण मागच्या पडवीत कधी गेलो नव्हतो. गेलो. खाली बसलो, आणि बघतो तर... समोर हा धक्का. हा. आपण बसलोय ही शेड, ही बोट, पलीकडचा आमचा आगरदांड्याचा धक्का, सगळं तळहातावर. बोटीतून उतरणाऱ्या माणसाच्या शर्टाचा रंग दिसतो हो.

मी म्हटलं, 'ताई, तू इथूनच फोन करतेस?' म्हणाली, 'व्हय, रेंज हितंच येते.' म्हणजे दर रविवारी मी तिला सांगायचो फेरी बंद, आणि ती इथे बसून बोट येताना बघायची. चार वर्षं. आणि एकदाही बोलली नाही. उलट कंबर दुखेल म्हणायची.

आणि तिथेच भिंतीला खाट. आईची. मी यायचो तेव्हा ताई ती पुढे पंख्याखाली आणून ठेवायची. मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. 'त्या रविवारी आई...?' ताई भाजी निवडत होती, वर न बघता म्हणाली, 'मी तिला म्हनलं, बाळ्या येत न्हाय, बोट बंद हाय. तर म्हातारी म्हणते, मंग ती कंची दिसते? मी म्हनलं, ती मालाची हाय, मान्सं घेत न्हाय.' पुढची जुडी घेतली. 'तुझ्यापायी माझंबी शील मोडलं रं.'

जेवलो. काय जेवलो आठवत नाही. रडलो, ते आठवतं. ती म्हणाली, 'रडू नको, वाढलेलं गार होतं.' राहा म्हणाली आजचा दिवस. मी म्हटलं नको, चारची बोट धरतो. सवय, दुसरं काय. खाली उतरलो, आणि बावटा लागला.

थांबा, फोन. मानसी. ...अगं खरंच बंद आहे. ...नाही गं, आज खरीच बंद आहे. ...अहो भाऊ, तुम्ही जरा बोला हिच्याशी, माझी सून आहे, सांगा तिला, तुम्ही काय माझे कोणी नाही. घ्या. ...हां, सांगा, बावट्याचं पण सांगा. ...काय विचारते? ...काय, काय विचारलंन? चहा? ...बाबांनी तुम्हाला चहा पाजला का, असं विचारलंन? मग तुम्ही काय सांगितलंत?

'हो' म्हणालात.

नाही, बरोबर आहे तुमचं. खरं ते खरं. द्या फोन. ...हां मानसी. ...हो. ...हो, कळलं, चहा प्यालेला साक्षीदार चालत नाही. पहिला दिवस.

चला, निघतो मी. ती बघा ताई, वर पडवीत उभी आहे हात करत, तिने भाताला आधण ठेवलं असणार. फेरी बंद आहे हे तिला एकटीलाच सांगावं लागत नाही.