साहेबाच्या बागेतला कापूस

शाळा मी लवकर सोडली, तेव्हा शुद्धलेखन चुकेल, शब्दही साधेच असतील; सांभाळून घ्या. कापसाला सोन्याचा भाव आला त्या साली दसऱ्यानंतर तेल्हाऱ्याचे महादजी पाटील त्यांच्या मुलीसाठी मला पाहायला अमरावतीला आले. मी लाजून तोंड उघडेना, म्हणून मला सरकारी बागेत फिरायला घेऊन गेले. तिथे शेवंतीच्या वाफ्यात बागेच्या गोऱ्या साहेबाने शोभेसाठी परदेशी कापूस लावला होता. बोंडं फुटून कापूस लोंबत होता. माझा हात आपोआप गेला आणि मी अख्खं झाड वेचून काढलं.

"अबे, काय करून राहिला?" माळी धावत आला. "तो पाहाचा कापूस हाये!"

"मातीत पडला असता ना जी," मी म्हणालो. दिवसभरात तेवढंच बोललो. आता सोयरीक मोडली असं वाटून मान खाली घातली.

पाटील माळ्याला म्हणाले, "जाऊ दे बाप्पा. जावई हाये माहा."

रात्री आठवलं, पहिल्या वेचणीआधी झाडाला दहीभात दाखवायचा आम्हा कापूसवाल्या शेतकऱ्यांचा रिवाज राहूनच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहीभात घेऊन मी गुपचूप बागेत गेलो, तर त्या झाडापाशी पाटील आधीच दहीभाताची वाटी घेऊन उभे होते.