चामखिळीला साखरेची तपासणी

आजच्या सभेचे अध्यक्ष, विहार समितीचे आदरणीय रवींद्रकाका, मंचावरील मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण काल्हेरच्या या विहारात जमलो त्या त्वचेच्या डॉक्टर धम्मदिनाताई, आणि समोर बसलेल्या उपासक-उपासिकांनो, तथागतांना आणि बाबासाहेबांना वंदन करून मी, ललिता, दोन शब्द बोलते.

तीन वर्षं दर रविवारी ताई इथे फुकट तपासायला आल्या. पेशंटच्या नावांची वही माझ्याकडे. आता खरं सांगू का? फुकट मिळालेली वस्तू मी दोनदा उलटून पाहते. आणि या वहीत औषधाचा रकाना पानंच्या पानं कोरा. अनंताच्या पाठीवरची मऊ, बोटाखाली सरकणारी गाठ: चरबीची आहे, दुखत नाही ना, मग राहू द्या. ठकुबाईंच्या कपाळावरचे, मेण चिकटल्यासारखे तपकिरी डाग: वयाने येतात, राहू द्या. गोळी नाही, सुई नाही. अशा डॉक्टरचं पोट कशावर चालतं, असं मला वाटणार नाही का?

मग माझी पाळी आली. गळ्यावर चार चामखिळी, मण्यांच्या पोतीत अडकायच्या. ताई म्हणाल्या, "मावशी, अडकतात तर पुढच्या रविवारी कापून टाकू, दोन मिनिटांचं काम. पण रक्तातली साखर तपासून घ्या."

चामखीळ गळ्यावर आणि तपासायचं रक्त? मी मनात म्हटलं, सापडलं. लॅबवाल्याशी साटंलोटं आहे. घरी जाऊन चुना आणि धुण्याचा सोडा कालवून लावला. चामखिळी राहिल्या जागेवर, भोवतीची कातडी भाजली. मलमपट्टी ताईंनीच केली, एका शब्दाने बोलल्या नाहीत. मला त्याचाही संशय आला.

साखर मी नंतर तपासली. ताईंना न सांगता, कल्याणला जाऊन, दोन वेगवेगळ्या लॅबमध्ये. दोन्हीकडे जास्तच निघाली. अशा चामखिळी आणि साखर पुष्कळदा जोडीने असतात, हे तिथल्या डॉक्टरांनीही सांगितलं.

पण तोवर मी महिला मंडळाच्या बैठकीत बोलून बसले होते, "बाई कमिशन खाते, जाऊ नका तिच्याकडे." ते आपल्या मंडळातल्या हौसाने ऐकलं. तिच्या पोटरीवरचा तीळ वाढत होता, त्यातून रक्त यायचं. ताई तर दर रविवारी सांगायच्या, की बाकीचं राहू द्या, पण तीळ वाढला, रंग बदलला, रक्त आलं, तर लगेच दाखवा. हौसा चार महिने आली नाही. हे मी तिला विचारूनच सांगते आहे. ती म्हणाली, "सांग की. तवा पन सगल्यांसमोरच बोललीस ना?"

गेल्या रविवारी मी तिला हाताला धरून आणलं. ताईंनी पाहिलं, आणि राहू द्या म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः तिला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेल्या. तीळ काढला, तपासायला पाठवला. रिपोर्ट बुधवारी आहे.

ताई, मंडळातर्फे तुमचे मनापासून आभार. उद्या तुम्ही नागपूरला जाल. तुमच्या जागी येतील त्या डॉक्टरांवरही मी संशय घेईन, स्वभाव आहे तो. पण आधी त्यांना तोंडावर विचारीन, बैठकीत नंतर बोलेन.

माझ्या बोलण्यातल्या उणिवा आपण सर्वांनी पोटात घाला. हौसा, तुझ्याकडे मात्र मी आज माफी मागत नाही. बुधवारी तुझ्याबरोबर रिपोर्ट आणायला येते. तो वाचून झाला की मागेन. द्यायची की नाही, ते तेव्हा ठरव.

जय भीम.