छंदाचा रकाना

माझं माहेर धरणगावच्या अंगाला, खेडंच म्हण ना, घरात कापूस आणि कापसातच आम्ही, वेचणीच्या दिवसांत बसायला कापसाचा ढीग आणि निजायलाही तोच. गावात शाळा चौथीपर्यंत. पाचवीला धरणगावला जावं लागायचं, ते बाबांना लांब वाटलं, म्हणजे माझ्यासाठी लांब वाटलं, भावांसाठी नाही वाटलं. मास्तर घरी आले, म्हणाले पोरगी सावकाश वाचते पण मध्ये सोडत नाही, शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. बाबा म्हणाले मास्तर, चहा घ्या. झाली माझी शाळा. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे सगळं त्याच्यावरच आलं.

लग्न करून दिलं ते ओव्हरसियरला. नाना, म्हणजे आमचे हे, त्यांना सगळे नानाच म्हणतात, पाटबंधाऱ्याच्या कामावर होते. नोकरी चांगली, पण बदलीची. काय सांगू माय तुला, अकरा घरं केली मी, अकरा. शिरपूर, सावदा, पुन्हा शिरपूर, मध्ये कुठली कुठली कॅम्पातली पत्र्याची घरं. आणि दर वेळी तेच, नाना दारात चपला काढता काढता सांगायचे, बदली झाली. कुठे झाली ते जेवताना सांगायचे. चालेल का, जमेल का, हे कोणी बाईला विचारतं का, बायको म्हणजे ट्रंक, उचलली की निघाली. सावद्याला मागच्या दारी एक केळ लावली होती मी, मोरीचं पाणी घालून वाढवली, तिला केळफूल आलं आणि आमचा ट्रक दारात आला. तो घड कोणी खाल्ला देव जाणे. अजून आठवलं की राग येतो, केळ्यांचा नाही, त्या ट्रकचा.

धुळ्याचं हे घर बारावं. नाना रिटायर व्हायच्या आधी बांधलं, तीन खोल्या, पुढे ओटा, मागे अंगण. मी म्हटलं चला, आता कोणाची ऑर्डर येणार नाही. आणि या घरात कानबाई आली, श्रावणात घरात बसवून पुजतो ती आमची देवी. आमची कानबाई आधी धरणगावला थोरल्या जाऊबाईंकडे बसायची, त्या गेल्या, मग भाऊबंद म्हणाले आता थोरली तू, तुझ्याकडे बसेल. श्रावणात नागपंचमी झाली की येतो तो रविवार, धरणगावचे, शिरपूरचे, सावद्याचे, सगळे घरचे येतात, तीस-पस्तीस माणूस होतं, ओट्यावर सतरंज्या, अंगणात चुली. रोट, देवीच्या नैवेद्याचे, खायचे ते भाऊबंदांनीच, बाहेरच्याला देत नाहीत. रोटाचे गहू आदल्या दिवशी मोजतात, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने एकेक मूठ. पाळण्यातल्या पोराचीसुद्धा मूठ असते. बाईची नसते. गहू निवडणारी बाई, दळून आणणारी बाई, रोट करणारी बाई, पण मूठ पुरुषाची. ते असो. मूठ घालायचा मान मात्र घरातल्या थोरल्या बाईचा, म्हणजे माझा.

तर नाना रिटायर झाले आणि वर्षभरात प्रमोदचं, आमच्या मुलाचं, पुण्याहून बोलावणं आलं, आई, नातवाला भेटायला या. मी आपली ज्वारीच्या बिबड्या, पापड, लसणाची चटणी, सगळं बांधून निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमोद म्हणतो चला, गाडीतून फिरून येऊ. मला वाटलं देवळात नेतो. गाव संपलं, ऊसही संपला, तरी गाडी चाललेली, आणि मग एक मोठं फाटक आलं, आत सारखी सारखी घरं, गवत कापलेलं, आणि सगळी माणसं म्हातारी. एकही पोर नाही. मी प्रमोदला विचारलं हे कोणाचं लग्नकार्य आहे का. तो हसला, म्हणाला आई, ही निवृत्त लोकांची वसाहत आहे, नानांनी तुला सांगितलं नाही का. नाना गवताकडे बघत होते.

तिथे सकाळी एक माणूस शिट्टी वाजवायचा आणि सगळ्यांनी हात वर करून हसायचं. खोटं नाही सांगत. शिट्टी वाजली की हसायचं, दुसरी वाजली की थांबायचं. नाना गेले त्यांच्यात उभे राहायला आणि हसले, असे हसले की मी बघतच राहिले, सदतीस वर्षांच्या संसारात मी त्यांना एवढं हसताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आधी माहीत असतं तर शिट्टी मीच आणली असती. टेबल टेनिस होतं, वाचनालय होतं, पोहायचा हौद होता, जेवायला मोठी खोली, सगळ्यांचं एकत्र, घंटेवर. ऑफिसातली बाई म्हणाली आजी, तुम्हाला आता स्वयंपाकाला सुट्टी. सगळे हसले. मीही हसले, शिट्टी न वाजता.

जागा वाईट होती असं मी म्हणणार नाही. खोटं का बोलू. तिथे अमरावतीकडच्या एक बाई भेटल्या, शाळेत शिकवायच्या, एकट्याच राहायच्या. त्या म्हणाल्या मी तीन ठिकाणं पाहिली, मग ही निवडली, मला सुनेच्या हाताकडे बघायचं नव्हतं, इथे संध्याकाळी पत्ते खेळते, मजेत आहे. मग म्हणाल्या तुम्हाला आवडली का जागा. माय, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. परक्या बाईने विचारलं. माझ्या घरच्यांपैकी कोणी विचारलं नव्हतं. विचारायची सवयच नाही ना कोणाला, मग मला सांगायची तरी कशी असेल.

ऑफिसात नानांनी फॉर्म भरला, खिशातून पेन काढून, जसं मोजमापाचं पुस्तक भरायचे तसं. मग माझ्यापुढे सरकवला, इथे सही कर. मी भिडस्त बाई, नाही म्हणायला जीभ उचलत नाही माझी, चार माणसांत तर नाहीच. मी म्हटलं चष्मा पुण्यात राहिला, प्रमोदच्या घरी. प्रमोद म्हणाला आई, सहीला कशाला चष्मा, मी वाचून सांगतो ना. मी म्हटलं चष्म्याशिवाय सही वाकडी येते. ऑफिसातली बाई म्हणाली असू द्या, पोस्टाने पाठवा. चष्मा माझ्या पिशवीतच होता, बिबड्यांच्या रिकाम्या डब्यात.

परत येताना धुळ्याच्या एसटीत बसलो, नाशिक सुटलं आणि मी डबा उघडून चष्मा काढला आणि फॉर्म वाचायला घेतला. नाना बघत राहिले. म्हणाले हा चष्मा. मी म्हटलं हा चष्मा. आणि वाचत गेले, सावकाश, एकही ओळ न सोडता. सध्याचे घर, त्यापुढे नानांनी लिहिलं होतं, विकणे आहे. माझं नाव, वय, पुढे रकाना, छंद. त्यात लिहिलं होतं भजन, वाचन, बागकाम. अगं, मी आयुष्यात भजनाला बसले नाही, मला आवाजच नाही. वाचायला घरात काय होतं, तर वाण्याच्या पुडीचा कागद. आणि बाग, ती सावद्याला राहिली. ज्या माणसासोबत मी बारा घरं केली त्याला माझा छंद माहीत नव्हता आणि त्याला विचारावंसंही वाटलं नाही, मी शेजारच्या खुर्चीवर बसलेली असताना. मग मागच्या बाजूला नियम होते. चौदावा नियम, एका वेळी दोनपेक्षा जास्त पाहुणे नकोत, आणि खोलीत स्वयंपाक नको.

मी म्हटलं कानबाई कुठे बसेल. नाना म्हणाले भास्करकडे, म्हणजे माझ्या धाकट्या दिराकडे, बसेल, धरणगावला, त्याला सांगू. म्हणाले तुझ्या गुडघ्यांसाठीच केलं मी हे, जन्मभर चुलीपुढे बसलीस, आता आयतं ताट मिळेल तर तुलाच वाईट वाटतं. ते खोटं बोलत नव्हते, तेच तर दुखलं. माझ्या भल्याचं सगळं ठरवलं, गुडघे माझे आणि मलाच ठाऊक नाही.

श्रावण आला. शनिवारी सगळी माणसं जमली, गहू मोजायचे होते. आणि नानांनी ओट्यावर सगळ्यांदेखत सांगून टाकलं, या घरात ही शेवटची कानबाई, पुढच्या वर्षी भास्करकडे. भास्करची बायको कमल, माझ्याजवळ सूप घेऊन बसलेली, हळूच म्हणाली, अक्का, तुले कोनी इचारं का? मी नाही म्हणून मान हलवली. ती म्हणाली मंग कशी जाशी? आणि सूप पाखडायला लागली.

मी पाट घेतला, पुढे गव्हाची टोपली, पितळी पातेलं. एकेक नाव घेत गेले आणि मूठ घालत गेले. भास्कर. प्रमोद. शिरपूरचे तिघे. सावद्याचे पाच. नातू. कमलचा नातू, दीड महिन्याचा. सगळे झाले आणि मी हात झटकला. नवऱ्याचं नाव आमच्यात घेत नाहीत, नुसतं हे म्हणून मूठ घालतात. मी हे म्हटलं नाही. भास्कर हसत म्हणाला, वैनी, नानानी मूठ राही गयी. मी म्हटलं, राहिली नाही भाऊजी. ज्यांनी हे घर विकणे आहे असं लिहून दिलं त्यांची मूठ या घरातल्या रोटात कशी घालू, त्यांना तिकडे घंटेवर मिळेल.

माय, माझा आवाज मलाच ओळखू येईना. मुठीतून सुटणं म्हणजे काय ते तू या मुलखातली, तुला सांगायला नको, रोट मिळत नाही, भाऊबंदांत बसायला जागा नाही. नानांचं तोंड उतरलं. रागावतील असं वाटलं, पण ते उठले, आत गेले, कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तर हातात तो फॉर्म. माझ्यापुढे पाटावर ठेवला. म्हणाले तू भर. जे लिहायचं ते लिही. नाही लिहायचं तर नको लिहू. मग थांबून म्हणाले, माझी मूठ घाल.

घातली मी. जरा मोठीच घातली. आणि मग, कोणाला न सांगता, आणखी एक घातली, बाईची. कमलने पाहिलं. सुपातले चार दाणे तिनेही त्यावर टाकले.

कानबाई अजून इथेच बसते. नाना सकाळी कॉलेजच्या मैदानावर जातात, तिथे चार पेन्शनर मिळून शिट्टीवर हसतात, मला इथवर ऐकू येतं. बरं आहे, हसू दे. गुडघे दुखतात, ते तर दुखणारच. कधी जाईनही मी त्या वसाहतीत, त्या अमरावतीच्या बाईंसारखी, स्वतः बघून, स्वतः ठरवून, नाही कोण म्हणतं. फॉर्म कानबाईच्या नथ-डोरल्याच्या डब्यात आहे. विकणे आहे, त्यावर काट मारली. भजन, वाचन, बागकाम, तेही खोडलं. छंदाचा रकाना रिकामा आहे. मधूनमधून चष्मा लावते आणि बघते, काय लिहावं. अजून सुचलं नाही. साठ वर्षांत पहिल्यांदा घरच्या कोणी विचारलंय, थोडा वेळ लागणारच. तुला कोणी विचारलं तर तूही घाई करू नको. सुखी राहा, माय.